यवनांचें ताट आणि आमची भाकरी

जुन्नरच्या शिवनेरी डोंगरांतील लेण्यांत एक लहानसा प्राकृत लेख कोरलेला आहे. चिट नांवाच्या यवनानें भिक्षुसंघास भोजनमंडप दान केला, एवढाच त्याचा आशय. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टांकीं दिल्याची नोंद आढळते. 'यवन' हा शब्द मूळचा आयोनियन ग्रीकांचा. पुढें तो पश्चिमेकडून येणाऱ्या इतर परकीयांसही लागूं लागला. सातवाहनकाळीं हे लोक या देशांत केवळ माल उतरवून परत जात नसत. येथल्या पंक्तीची सोय करण्याइतके ते येथें रुळले होते, हें या लेखांवरून दिसून येतें. मग सहजच मनांत येतें कीं, या पाहुण्यांच्या ताटांत आणि आमच्या ताटांत अंतर तें किती होतें?

व्यापाराची हकीकत सुशिक्षित वाचकांस ठाऊक असेलच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथांत भडोच बंदराच्या पाठीमागील प्रदेशांत गहूं, तांदूळ, तिळाचें तेल, तूप आणि कापूस विपुल होतो, असें सांगितलें आहे. उलट दिशेनें भडोचास द्राक्षासव येई व त्यांत इटलीच्या मद्यास अधिक मान असे. याच ग्रंथांत पैठण व तगर या दोन नगरांतून गाड्यांवर लादून भडोचास जाणाऱ्या मालाचें वर्णन आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. पुढें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकलिया यांच्या नेतृत्वाखालीं नेवासें येथें उत्खनन झालें, तेव्हां समुद्रापलीकडून आलेल्या मद्यघटांचीं खापरें प्रत्यक्ष हातीं लागलीं. सारांश, तूप आणि तीळ तिकडे गेले, मद्य इकडे आलें.

परंतु जिन्नसांची ही देवघेव म्हणजे कांहीं जेवण नव्हे. प्राचीन ग्रीक मनुष्य आपल्या जेवणाचे दोन भाग मानी. धान्याचा जो मुख्य भाग त्यास तो 'सितोस' म्हणे, आणि त्याच्या सोबतीस जें कांहीं असेल, मग तें कांदा असो, मासळी असो वा चीज असो, त्यास 'ऑप्सॉन' म्हणे. इंग्रजींत या दुसऱ्या शब्दास नेमका प्रतिशब्द सांपडत नाहीं. मराठींत मात्र तो तयारच आहे. ऑप्सॉन म्हणजे तोंडीलावणें! झेनोफननें सांगितलेली एक गोष्ट या दृष्टीनें मोठी मौजेची आहे. एक तरुण भोजनप्रसंगीं पाव बाजूस ठेवून नुसतें ऑप्सॉनच खात होता. सॉक्रेटिसानें त्यावर चर्चा आरंभिली, तेव्हां त्या बिचाऱ्यानें पाव उचलला. त्यावर सॉक्रेटिस शेजाऱ्यांस म्हणाला कीं, आतां हा तोंडीलावण्यासाठीं पाव खातो कीं पावासाठीं तोंडीलावणें, इकडे लक्ष ठेवा. भाकरीस हात न लावतां कालवणच ओरपणाऱ्या नातवास आमच्या घरांतील आजीबाई जें बजावीत, त्याहून यांत निराळें काय आहे?

हें साम्य तपशिलांतही दिसतें. ग्रीकांचें जुनें अन्न 'माझा' हें भाजलेल्या जवाच्या पिठांत पाणी, तेल किंवा दूध घालून मळलेलें असे. सातूचें पीठ कालवून खाणाऱ्यांस त्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको. मसुरीची 'फाकी' ही तेथील गरिबांची आमटी. ॲरिस्टोफनीसच्या 'प्लूटॉस' नाटकांतील एक तरुण श्रीमंत होतांच मसुरीस नाक मुरडूं लागतो. तीळ व मध यांची 'पास्तेली' आजही तिकडे घरोघरीं माहीत आहे. तिळाच्या वडीशीं तिचें नातें सांगावयास नकोच.

आतां अक्कलकोट तालुक्यांतील मैंदर्गीचें उदाहरण घेऊं. कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळें येथें मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा कानांवर पडतात. भाकरी म्हणा कीं रोट्टी म्हणा, ज्वारी तीच. या भागांतील पातळ, कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते आणि प्रवासांत शिदोरी म्हणून उपयोगीं पडते. क्रीट बेटांतील 'पाक्सिमादी' म्हणजे जवाचा दोनदां भाजलेला कडक पाव. तोही असाच टिकतो व पाण्यांत किंवा तेलांत भिजवून खातात. भाकरीसोबत शेंगांची चटणी हवीच, आणि तिला आपण 'परंपरागत' म्हणतों. परंतु शेंगा व मिरची या दोन्ही वस्तू अमेरिकेंतल्या. पोर्तुगीज हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं त्या येथें कोणासच ठाऊक नव्हत्या. खुद्द ज्वारीही हजारों वर्षांपूर्वीं आफ्रिकेंतूनच आलेली. तिकडे ग्रीसमध्यें टोमॅटोचा प्रसार एकोणिसाव्या शतकांतला. आज ज्या 'मुसाका'स ग्रीकांचें राष्ट्रीय पक्वान्न समजतात, त्यावरील दुधापिठाचा जाड थर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्सेलेमेंतेस या पाकशास्त्र्यानें फ्रेंच पद्धतीवरून रूढ केला.

यावरून परंपरा ही लबाडी आहे, असें कोणी म्हणेल तर तें उतावीळपणाचें होईल. जिन्नस बदलले, पण मांडणी टिकली. मध्यें धान्य, भोंवतीं थोडेंसें चवीचें, आणि या दोहोंच्या प्रमाणाविषयींचा विवेक, ही ती मांडणी होय. अमेरिकेची शेंग आमच्या ताटांत आली ती तोंडीलावण्याच्या जागीं बसली. भाकरीची जागा तिनें घेतली नाहीं. आज मात्र ती जागाच हलूं लागली आहे. ज्वारीची भाकरी हा कधींमधीं चाखावयाचा पदार्थ होऊं पाहतो, आणि तोंडीलावण्यांनींच पोट भरण्याची चाल घरोघरीं शिरते. मिरची आली तेव्हां परंपरा बुडाली नाहीं. तें प्रमाण सुटलें तर ती खचित बुडेल.

म्हणूनच परक्या देशाचें अन्न घरीं करून पाहणाऱ्यांस आमची एक सूचना आहे. आरंभ मुसाक्यापासून न करितां फाकीपासून करावा. मसूर, कांदा, लसूण व तमालपत्र एकत्र शिजवावें, उतरतांना ऑलिव्हचें तेल घालावें आणि शेवटीं थोडा शिरका. आमच्या स्वयंपाकघरांत हें करून पाहिलें, तेव्हां त्याच्या सोबतीस कडक भाकरी बेमालूम जमली. जे ग्रीसला जातील, त्यांनीं तेथील उपासाच्या पदार्थांची चौकशी करावी. ऑर्थोडॉक्स पंथाच्या उपवासांत मांस, दूध व अंडीं वर्ज्य असल्यामुळें कडधान्यें व भाज्या यांचा तेथें मोठा संसार आहे. शाकाहारी मनुष्याचीही तेथें उपासमार होत नाहीं.

जुन्नरच्या त्या यवनानें आपल्या देशचा एखादा पदार्थ येथें रूढ केल्याचें त्या लेखांत नाहीं. त्यानें दिली ती इतरांना बसून जेवावयाची जागा. परक्याच्या ताटाकडे पाहतांना आपणही तेवढी जागा ठेवली, तर आपलीच भाकरी आपणांस अधिक चांगली ओळखतां येईल.