माँट्रियलची ६५वी पलटण

एप्रिल १८८५. माँट्रियलहून एक फ्रेंचभाषक पलटण कॅनडाच्या वायव्य प्रदेशाकडे निघाली. तिथे ज्यांनी बंडाचे निशाण उभारले होते, ते मेटी समाजाचे नेते लुई रिएल हेही फ्रेंच बोलणारे आणि कॅथलिक संस्कारांत वाढलेले. साहजिकच इंग्रजीभाषक कॅनडात कुजबुज सुरू झाली: हे लोक आपल्याच भाषाबंधूंवर बंदूक चालवतील काय?

ही पलटण म्हणजे आजची ‘ले फ्युझिलिए मों-रोयाल’ ही राखीव पायदळ रेजिमेंट. तिची स्थापना १८६९मधली. कॅनडाचे संघराज्य तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. शिपाई माँट्रियलचेच: कारकून, कारागीर, विद्यार्थी. दिवसा पोटाचा उद्योग आणि संध्याकाळी कवायत. बोली फ्रेंच, पण पलटणीचे नाव मात्र इंग्रजी, ‘माउंट रॉयल रायफल्स’. विसाव्या शतकाच्या आरंभी ते फ्रेंचमध्ये ‘काराबिनिए’ झाले आणि १९३१मध्ये ‘फ्युझिलिए’. नामांतरांची ही यादी रुक्ष वाटते खरी. तरी आपल्याच भाषेतले नाव मिळायला या पलटणीला तीन दशकांहून अधिक काळ लागला, हे तीच सांगते.

सुपीरियर सरोवराच्या उत्तरेस लोहमार्ग अजून सलग झाला नव्हता. मधले टप्पे बर्फातून, घसरगाड्यांवर आणि पायी काढावे लागले. कॅल्गरीत पलटण मेजर जनरल थॉमस ब्लँड स्ट्रेंज यांच्या हाताखाली आली. स्ट्रेंज यांचा जन्म १८३१चा, आपल्या मेरठचा. १८५७च्या उठावात लखनौच्या लढाईत ते इंग्रजांच्या तोफखान्यात होते. साम्राज्याची माणसे अशी एका बंडाहून दुसऱ्या बंडाकडे जात. पुढे क्वेबेकमध्ये तोफखान्याचे अधिपत्य केल्यामुळे त्यांना फ्रेंच येत असे, हे या पलटणीचे भाग्यच.

प्रत्यक्षात ६५वी पलटण रिएल यांच्यासमोर उभी राहिलीच नाही. २८ मे रोजी फ्रेंचमन्स ब्यूट येथे तिची गाठ पडली ती क्री लोकांशी, आणि तीही चकमक अनिर्णीत राहिली. रिएल त्याआधीच, १५ मे रोजी स्वाधीन झाले होते. जुलैत पलटण परतली तेव्हा माँट्रियलने तिचे जल्लोषात स्वागत केले. १६ नोव्हेंबरला रिएल यांना फाशी झाली आणि त्याच महिन्यात त्याच शहराच्या शां-द-मार्स मैदानावर हजारोंचा जनसमुदाय निषेधासाठी लोटला. शहर एकच, मधले अंतर चार महिन्यांचे.

पहिल्या महायुद्धात जुन्या मिलिशिया पलटणी बाजूला ठेवून नव्या क्रमांकांच्या पलटणी उभारल्या गेल्या. माँट्रियलच्या काराबिनिएंच्या नावाने उभारलेली १५०वी पलटण इंग्लंडला पोहोचली, पण तिचे जवान इतरत्र भरती म्हणून वाटले गेले. तिचा वारसा आज कागदोपत्री फ्युझिलिए सांगतात.

एप्रिल १९४२मध्ये परदेशातील लढाईसाठी सक्तीच्या भरतीवर सार्वमत झाले. क्वेबेक प्रांताने ७० टक्क्यांहून अधिक मतांनी नकार दिला. चारच महिन्यांनी, १९ ऑगस्टला, या रेजिमेंटचे ५८४ जण फ्रान्सच्या दिएप बंदरावरील छाप्यात निघाले. सारे स्वेच्छेने भरती झालेले.

त्यांना राखीव म्हणून समुद्रातच थांबवून ठेवले होते. किनाऱ्यावरून आलेला एक संदेश अर्धवट पोहोचला. मोजकेच सैनिक गावात शिरले होते. सेनापतींचा समज झाला की एक अख्खी पलटण आत घुसली आहे. म्हणून सकाळी सातच्या सुमारास २६ होड्या पुढे सोडल्या गेल्या. लाकडी, चिलखत नसलेल्या. प्रवाहाने कित्येक होड्या कड्यांखाली नेऊन टाकल्या. तिथून वर चढता येईना, बाजूला सरकता येईना. लेफ्टनंट कर्नल दोलार मेनार पाच ठिकाणी जखमी झाले. इंग्लंडला परतले १२५. शंभराहून अधिक मेले, उरलेले बहुतेक कैदेत गेले.

त्या कैद्यांपैकी सार्जंट-मेजर ल्युसिएँ द्युमे यांनी कैद्यांच्या धावत्या रेल्वेगाडीतून उडी टाकली. फ्रेंच गावकऱ्यांच्या आधाराने ते निसटले आणि पुन्हा व्याप्त फ्रान्समध्ये उतरले ते गुप्त कामासाठी. जानेवारी १९४४पासून त्यांनी आणि रेमों लाब्रोस या दुसऱ्या फ्रेंच-कॅनडियनाने ब्रिटनीतील प्लुआच्या किनाऱ्यावरून शंभराहून अधिक दोस्त वैमानिक व विमानसैनिक रात्रीच्या अंधारात इंग्लंडला पोहोचवले. १८८५मध्ये ज्या भाषेमुळे संशय घेतला गेला, तीच भाषा इथे कामी आली.

इकडे रेजिमेंट जवळजवळ नव्याने उभी करावी लागली. जुने नाव, नवे चेहरे. १९४०मध्ये साधा शिपाई म्हणून दाखल झालेले जाक देक्स्त्राझ नॉर्मंडीत मेजर होते. वयाच्या २५व्या वर्षी ते याच रेजिमेंटचे प्रमुख झाले आणि १९७२ ते १९७७ या काळात संपूर्ण कॅनडाचे सेनाप्रमुख. सप्टेंबर १९४४मध्ये मुक्त झालेल्या दिएपमध्ये कॅनडियन डिव्हिजनने संचलन केले, त्यात फ्युझिलिएही होते.

आजही माँट्रियलमध्ये ही रेजिमेंट अर्धवेळ सैनिकांची आहे. तिच्या युद्धसन्मानांत ‘दिएप’ आहे, आणि त्याच्या कितीतरी आधी ‘वायव्य कॅनडा, १८८५’ आहे. ज्यांच्या बंडामुळे हा सन्मान मिळाला त्या रिएल यांना १९९२मध्ये कॅनडाच्या संसदेने मॅनिटोबा प्रांताचे संस्थापक म्हणून मान्यता दिली.