एकजुटीचा सण



विजयाचा उत्सव राष्ट्रें नेहमींच करितात. पोलंड देशानें मात्र ३१ ऑगस्ट हा दिवस एकजूट व स्वातंत्र्य यांच्या नांवें राखून ठेविला आहे. एकजूट म्हणजे काय, हें ज्यास जाणावयाचें असेल त्यानें त्या दिवसामागील इतिहास अवश्य पाहावा.

सन १९८० च्या ऑगस्टांत ग्दान्स्क शहरीं लेनिन नांवाच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांत संप सुरू झाला. क्रेन चालविणाऱ्या आना वालेंतीनोविच या बाईंस पेन्शनीस पांच महिने उरले असतां कामावरून काढिलें, हें त्याचें निमित्त. १६ तारखेस व्यवस्थापकांनीं पगारवाढ मान्य केली, बाईंस परत घेण्याचेंहि कबूल केलें. पुढारी लेक वालेसा यांनीं संप संपल्याचें जाहीर केलें व कामगार घरची वाट धरूं लागले.

परंतु त्यांच्या पाठिंब्यासाठीं शहरांतील लहान कारखान्यांनीं व ट्रामवाल्यांनींहि काम थांबविलें होतें. त्यांचें काय? मोठा कारखाना सुरू होतांच हे दुबळे चिरडले जाणार, हें ट्राम चालविणाऱ्या हेन्रिका क्शिवोनोस यांनीं परखडपणें सांगितलें. वालेंतीनोविच बाई व परिचारिका अलिना पिएन्कोव्स्का फाटकाकडे धांवल्या. पुष्कळ निघून गेले, पण शेंकडों थांबले. ज्यांचें मागणें पुरें झालें होतें तेच आतां परक्यांसाठीं संपावर बसले! ३१ ऑगस्टला सरकारनें करारावर सही केली आणि ‘एकजूट’ हेंच नांव धारण करणारी कामगार संघटना उदयास आली. लवकरच तिचे सुमारें एक कोटी सभासद झाले.

पुढें १९८१ च्या डिसेंबरांत लष्करी कायदा आला. कामगारांसाठीं मिस्सा अर्पिणारे फादर येझी पोपिएलुश्को यांचा १९८४ सालीं सरकारी गुप्त पोलिसांनीं खून केला. तरीहि १९८९ च्या निवडणुकींत एकजुटीचीच सरशी झाली.

त्याच देशाचे सुपुत्र पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८७ च्या आपल्या विश्वपत्रांत शिकविलें, कीं एकजूट म्हणजे दुसऱ्यांच्या दुःखाबद्दल वाटणारी नुसती हळहळ नव्हे; सर्वांच्या हितासाठीं झटण्याचा तो दृढ निश्चय होय.

जमीनजुमला वारशानें मिळतो. हा निश्चय तसा मिळत नाहीं. प्रत्येक पिढीस तो नव्यानें करावा लागतो, म्हणूनच समाज त्याचा सण पाळितात. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवांतहि प्रत्येकानें स्वतःस विचारावें: माझें काम झालें, आतां शेजाऱ्यासाठीं मी फाटकाशीं थांबेन काय?