एका विरुद्ध दोन

अमेरिकेच्या फेडरल न्यायव्यवस्थेत सगळ्यात खालची पायरी म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट. साक्षीदार इथे उभे राहतात. वरच्या कोर्टात पोचतात ते मुख्यतः कागद. जे. वेटीज वेअरिंग यांच्याबद्दल वाचताना मला हा फरक सारखा जाणवतो.

वेअरिंग साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या जुन्या, प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यातले. १९४२मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना न्यायाधीश नेमलं, तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. तोवर बंडखोरीचं कुठलंच लक्षण नव्हतं.

१९४६मध्ये त्यांच्यासमोर आयझॅक वुडर्डचा खटला आला. महायुद्धातून परतलेला हा कृष्णवर्णीय सैनिक गणवेशातच बसने घरी निघाला होता. वाटेत पोलिसांनी त्याला उतरवून इतकं मारलं, की त्याचे दोन्ही डोळे गेले. आरोपी पोलीसप्रमुखाला सगळ्या गोऱ्या ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत निर्दोष सोडलं. वेअरिंग यांच्या पत्नी त्या दिवशी कोर्टात होत्या. हा निकाल दोघांच्याही जिव्हारी लागला.

पुढच्याच वर्षी वेअरिंग यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मतदान करू द्या, असा निकाल दिला. त्या राज्यात हाच एक पक्ष जिंकायचा, म्हणजे खरी निवडणूक तीच होती. फेडरल न्यायाधीशाची नेमणूक तहहयात असते, त्यामुळे त्यांना काढता येईना. मग गावाने त्यांना वाळीत टाकलं. धमक्या आल्या, घरावर दगड पडले.

१९५१मध्ये क्लॅरेंडन काउंटीतल्या पालकांचा खटला तीन न्यायाधीशांपुढे आला. त्यांच्या मुलांना शाळेची बस मिळत नव्हती. मागणी तिथून सुरू झाली आणि शाळांमधल्या वर्णविभागणीपर्यंत पोचली. दोघांनी विभागणी कायम ठेवली. वेअरिंग यांनी एकट्याने भिन्नमत लिहिलं: विभागणी हीच मुळात विषमता आहे.

१९५२मध्ये निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला गेले. १९५४मध्ये ब्राउन खटल्यात, ज्यात क्लॅरेंडनचं प्रकरणही होतं, सुप्रीम कोर्टाने एकमताने तेच म्हटलं. १९६८मध्ये वेअरिंग चार्ल्सटनला परतले, ते दफनासाठी. अंत्यविधीला गोरे लोक मोजकेच होते. २०१५मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीला त्यांचं नाव मिळालं.

ते बरोबर ठरले, याहून मला त्यांचं वय महत्त्वाचं वाटतं. सगळं मिळवून झाल्यावर, ६६व्या वर्षी, समोर दिसलेल्या गोष्टीमुळे त्यांनी आयुष्यभराची समजूत बदलली. त्या कोर्टात बसलेल्या बाकीच्यांनीही तेच पाहिलं होतं.