अपस्मारावरील शस्त्रक्रिया आणि काळाची कसोटी

ज्या रोगांत स्मृतीचा लोप होतो, त्यास आपल्या प्राचीन वैद्यकानें अपस्मार असें अन्वर्थक नांव दिलें. त्याच रोगाच्या निवारणार्थ केलेल्या एका शस्त्रक्रियेनें पुढें एका मनुष्याची स्मृति कायमची हरावी, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे. ह्या शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा निवाडा होण्यास किती वर्षें लागतात, हें तिच्या इतिहासावरून चांगलें कळून येतें.

तिचा अर्वाचीन आरंभ लंडन येथें झाला. क्वीन स्क्वेअरमधील रुग्णालयांत २५ मे १८८६ रोजीं व्हिक्टर हॉर्स्ले यांनीं एका २२ वर्षांच्या स्कॉटिश तरुणाच्या मेंदूवर शस्त्र चालविलें. बालपणीं गाडीखालीं सांपडून त्याचें डोकें फुटलें होतें. जखम भरली, पण मेंदूवर वण राहिला, आणि कालांतरानें एकामागून एक फेफरीं येऊं लागलीं. शरीराच्या ज्या अवयवापासून आंचक्यांस आरंभ होतो, त्यावरून मेंदूंतील दोषाचें स्थान ओळखतां येतें, असें ह्यूलिंग्ज जॅक्सन यांचें प्रतिपादन होतें. त्यास अनुसरून हॉर्स्ले यांनीं तो वण काढून टाकला. रोग्यास पुन्हां फेफरें आलें नाहीं, असें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत नमूद आहे. यश निःसंशय मोठें. पण वृत्तांत लिहिला गेला तेव्हां तें अवघ्या कांहीं महिन्यांचें होतें.

१९५३ सालीं अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें विल्यम स्कोव्हिल यांनीं हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या रोग्याच्या मेंदूचा, दोन्ही कानशिलांच्या आंतल्या अंगाचा भाग काढला. फेफरीं पुष्कळ कमी झालीं. ज्या हेतूनें शस्त्र धरलें तो बव्हंशीं साधला. परंतु त्या दिवसापासून नवी आठवण म्हणून त्याच्या मनांत ठरेना. जेवण झाल्याचें स्मरण थोड्याच वेळांत नाहींसें होई. नित्य भेटणारीं माणसें त्यास नित्य नवीं वाटत. ब्रेंडा मिल्नर यांनीं १९५७ सालीं स्कोव्हिल यांच्यासह हा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि नवी स्मृति घडण्यास मेंदूचा कोणता भाग आवश्यक आहे तें जगास समजलें. दोन्ही बाजू काढण्याचा मार्ग त्याज्य ठरला. मोलेसन २००८ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं वारला. ज्ञानाचा लाभ सर्वांस झाला. त्याची किंमत मात्र एकट्यानें ५५ वर्षें भरली.

अपस्माराच्या रोग्यांपैकीं सुमारें एक तृतीयांशांचा रोग औषधांस दाद देत नाहीं. अशांना शस्त्रक्रिया कितपत हितकर आहे, हें पारखण्यासाठीं कॅनडांत कानशिलाकडील भागांतून उद्भवणाऱ्या अपस्माराच्या ८० रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन सारखे गट केले. २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटांतील ५८ टक्के रोगी भान हरपविणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. औषधांच्या गटांतील केवळ ८ टक्के.

पण एका वर्षावरून आयुष्याचें अनुमान कसें करावें? ह्याचें उत्तर हॉर्स्ले यांच्याच त्या रुग्णालयांतून आलें. तेथें शस्त्रक्रिया झालेल्या ६१५ प्रौढांचा अनेक वर्षें मागोवा घेऊन २०११ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला. भान न हरपविणारे सौम्य झटके सोडल्यास, पांच वर्षें सतत मुक्त राहिलेले ५२ टक्के आणि दहा वर्षें राहिलेले ४७ टक्के होते. अखेरच्या तपासणीच्या वेळीं जे मुक्त होते, त्यांपैकींही औषधें अजिबात सुटलेले २८ टक्केच होते.

हे आंकडे पाहून कोणी खिन्न होईल. परंतु ज्यांच्यापुढें औषधें हरलीं होतीं, अशांपैकीं जवळजवळ निम्म्यांना विस्तव, पाणी व रहदारी यांचें पूर्वींचें भय न बाळगतां दहा वर्षें वावरतां आलें, हें कांहीं थोडें नव्हे. शस्त्रक्रियेचा निर्णय ज्या घरांत घ्यावयाचा असेल, तेथील माणसांनीं ‘रोगी बरा होईल काय?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘किती वर्षें, आणि कशाच्या मोबदल्यांत?’ हेंही विचारावें. हॉर्स्ले यांना ह्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नसतें. आज तें बव्हंशीं देतां येतें.