‘आजी’ ते ‘तुंबाड’ : एका भयकथेच्या रूपांतरांचा इतिहास

मराठी वाङ्मयेतिहासात भयकथेला फारसे स्थान मिळालेले नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके वाचनालयांतून हातोहात फिरली. समीक्षेने मात्र त्यांची दखल क्वचितच घेतली. त्यांच्या ‘आजी’ या कथेचा प्रवास पाहिला असता ही उपेक्षा विशेष जाणवते.

१९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यातील मुक्कामी राही अनिल बर्वे यांना एका मित्राने धारपांची ही कथा सांगितली. (‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे यांचे हे चिरंजीव.) ऐकीव कथेवरून १९९७ मध्ये त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. पुढे सुमारे ७०० पानांचा स्टोरीबोर्ड चितारला गेला आणि ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. म्हणजे मराठी छापील कथा प्रथम मौखिक झाली, मग चित्रमय आणि अखेरीस दुसऱ्या भाषेतील चित्रपट.

तथापि ‘आजी’ हीदेखील मूळ कथा नव्हे. तिचा आधार स्टीफन किंग यांची ‘ग्रॅमा’ (१९८४). मरणासन्न, जादूटोणा जाणणाऱ्या आजीपाशी एकट्या राहिलेल्या मुलाची ती कथा आहे. चित्रपटातील ‘हस्तर’ या नावाचा मागही तेथेच लागतो. ‘हस्तुर’ हा शब्द किंगच्या कथेत मंत्रासारखा येतो. त्यापूर्वी तो रॉबर्ट चेंबर्सकडे (१८९५) आणि त्याही आधी अँब्रोज बिअर्सच्या १८९१ च्या कथेत आढळतो. बिअर्सचा हस्तुर हा मेंढपाळांचा सौम्य देव आहे! चित्रपटाने त्याला समृद्धीच्या देवीचा ज्येष्ठ, लोभी पुत्र ठरवून पौराणिक वंशावळ बहाल केली. आपल्या पुराणांत असे दैवत नाही.

मग या चित्रपटात मराठी ते काय? भूत परदेशातून आले हे मान्य करावेच लागते. परंतु वाडा इथला आहे. होरेस वॉल्पोलच्या ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून (१७६४) युरोपीय गॉथिक कथा जीर्ण गढी आणि वादग्रस्त वारसा यांवर उभी राहिली. कोकणात त्या भूमिकेला साजेशी संस्था होती खोतीची. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडी कादंबरीवरून घेतले आहे. कथानक तिचे नाही. पण खोत घराण्याच्या चार पिढ्यांच्या उदयास्ताची स्मृती त्या नावासोबत येतेच.

किंगच्या कथेत भय घरातल्या आजीचे आहे. चित्रपटात शापित वृद्धा उरते, परंतु भयाचे केंद्र पुढे सरकून संपत्तीकडे येते. विनायक हा ‘सरकार’चा अनौरस पुत्र, वाड्यावर त्याचा कायदेशीर हक्क नाही, लोभ मात्र वारसदाराचा. सर्वांत मौलिक बदल हाच, आणि तो मूळ दोन्ही कथांत नाही. म्हणूनच या चित्रपटास केवळ उसनवारी म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र धारपांचे ऋण न नोंदविणे हाही अन्यायच.

चित्रपटाचा काळ १९१८, १९३३ आणि १९४७ असा विभागलेला आहे. कथा संपते त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन अधिनियमाने, प्रत्यक्षातील खोतांची वतनेही संपुष्टात आणली.