आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा आणि आपला बीड जिल्हा

व्यायामाची आवड बीड जिल्ह्यास नवी नाही. गावोगावच्या तालमी, जत्रेतील कुस्त्यांचे फड आणि मोकळ्या रानात रंगणारी हुतुतू ही आपल्या वाडवडिलांची नित्याची करमणूक होती. तथापि अंगी बळ असणे निराळे, आणि नियम, पंच व तुल्यबळ प्रतिस्पर्धी यांच्या समक्ष त्या बळाची पारख होणे निराळे. ही पारख आपल्या जिल्ह्याच्या वाट्यास उशिरा आली. ती का व कशी आली, याचा अल्प इतिहास आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

दि. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हेच या मुलखाचे विद्यापीठ, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. पुण्यास १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. १९३५ पासून देशातील विद्यापीठे रोहिंटन बारिया करंडकासाठी क्रिकेट खेळू लागली. आपल्या खेड्यांतील मुलगा मात्र कॉलेजच्या पायरीपर्यंतच पोहोचत नव्हता; मग तो कॉलेजच्या संघात कोठून येणार? अशा दिवसांत अंबाजोगाईच्या योगेश्वरी संस्थेने १९१७ पासून विद्येचा दिवा तेवत ठेविला. स्वामी रामानंद तीर्थ यांनीही तेथे काही काळ मुख्याध्यापकाचे काम केले, हे आपणांस भूषणास्पद आहे.

१९५६ साली अंबाजोगाईस योगेश्वरी महाविद्यालय सुरू झाले. दि. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू. १९६० साली बीड येथे बलभीम महाविद्यालय निघाले. क्रीडेच्या दृष्टीने या घटनांचे महत्त्व मोठे आहे. एकटे महाविद्यालय फार तर आपल्या वर्गावर्गांत सामने भरवील. अनेक महाविद्यालये एका विद्यापीठाच्या छत्राखाली आली म्हणजेच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संभवते. त्या स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागातील इतर विद्यापीठांशी झुंजतो, आणि तेथे यश लाभल्यास अखिल भारतीय मैदान खुले होते. घरच्या विद्यापीठामुळे या शिडीची पहिली पायरी आपल्या दाराशी आली. १९९४ साली त्या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. बीड जिल्हा आजही त्याच्याच कक्षेत आहे.

परंतु पायरी दाराशी आली म्हणून सर्वच ती चढले असे नव्हे. संघ उभारावयाचा तर सपाट मैदान हवे, जाणता क्रीडाशिक्षक हवा, आणि परगावी जाण्यायेण्याचा खर्च हवा. परळीस रेल्वे निजामी अमदानीपासून होती; बीड शहरास मात्र ती २०२५ साली लाभली. तोवर तेथील खेळाडूंचा भरवसा एस. टी. च्या गाडीवरच होता.

याहून कठीण अडचण ऋतूची आहे. पावसाळा सरला की स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. आणि नेमक्या त्याच सुमारास, दसरा-दिवाळीनंतर, जिल्ह्यातील सहस्रावधी कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीस घाटाखाली व पश्चिम महाराष्ट्रात जातात. ज्या मुलाच्या अंगात कष्टाचे खरे बळ, तोच मुलगा सामन्याच्या दिवशी फडात असतो किंवा मागे राहिलेल्या भावंडांचे चुलीपाणी पाहत असतो. ही उणीव त्याच्या हिमतीची नव्हे.

मांडवा, तालुका आष्टी, येथील अविनाश साबळे यांचे उदाहरण येथे मननीय आहे. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, आणि त्यांच्या धावण्याची पारख सेनादलातील स्पर्धांतून झाली. तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक, व २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. यापासून बोध हा की, गुण गावातच होता. त्यास हेरणारी स्पर्धा मात्र अन्यत्र भेटली. जे काम सेनादलाने केले, तेच आपल्या महाविद्यालयांनी करावयाचे आहे.

यात आपले कर्तव्य काय? विद्यापीठीय स्पर्धांत साधारणतः पंचविसाव्या वर्षापर्यंतच उतरता येते. गेलेले वर्ष परत येत नाही. म्हणून आपल्या मंडळाने पारितोषिकांबरोबरच गरजू खेळाडूंच्या प्रवासासाठी व बुटांसाठी अल्पसा निधी राखावा, ही आमची पहिली विनंती. ऊसतोडीस गेलेल्या घरच्या मुलास सामन्यांच्या दिवसांपुरता शहरातील ज्ञातिबंधूंनी आपल्या घरी थारा द्यावा, ही दुसरी. आणि तिसरी विनंती मातापित्यांस: कन्येचे नाव कबड्डीच्या वा खो-खोच्या संघात आले, तर लोक काय म्हणतील या भयाने ते कमी करवू नये. मुलाच्या पदकाने घराची मान जितकी उंचावते, तितकीच मुलीच्याही पदकाने उंचावते.

पूर्वजांनी आपणांस तालमीची माती दिली. त्या मातीतून विद्यापीठाच्या मैदानापर्यंतची वाट पुढील पिढीसाठी सुकर करणे आपल्या हाती आहे. ते आपण सर्वांनी मिळून करावे, इतकीच नम्र प्रार्थना.