वाहनपरवान्याचे आंतरराज्यीय निलंबन (अमेरिका)

वाहन चालवण्याचा परवाना एका राज्याने निलंबित किंवा रद्द केला, तर इतर राज्यांत त्याचे काय होते, हे ठरवणारी अमेरिकेतील व्यवस्था. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्रीय कायदा आहे आणि एका आरटीओचा परवाना देशभर चालतो, त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रश्नच नवखा वाटेल. अमेरिकेत मात्र परवाना देणे आणि काढून घेणे हे राज्यांचे अधिकार आहेत. न्यू जर्सीने दिलेला परवाना न्यूयॉर्कला काढून घेता येत नाही. आपल्या हद्दीत गाडी चालवायला बंदी करणे एवढेच त्याच्या हाती असते. निलंबन चालकाच्या पाठोपाठ सगळीकडे जाते, असे सर्रास म्हटले जाते, पण ते ढोबळ आहे. राज्याची सीमा ओलांडते ती गुन्ह्याची खबर. शिक्षा करायची की नाही, हे चालकाचे स्वतःचे राज्य आपल्या कायद्याप्रमाणे नव्याने ठरवते. व्यवस्थेची सगळी भिस्त त्यामुळे खबर पोहोचण्यावर आणि ती कोणीतरी वाचण्यावर आहे.

रस्तासुरक्षेसाठी राज्यांनी आपसांत करार करावेत, याला अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) १९५८ साली आगाऊ संमती दिली. त्यातून १९६० च्या सुमारास ‘ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट’ आला. एक चालक, एक परवाना, एक नोंद हे त्याचे सूत्र. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिन ही राज्ये त्याबाहेर राहिली. (सर्वांत आधी सामील झालेल्या नेव्हाडाने २००७ मध्ये करार आपल्या कायद्यातून काढून टाकला, तरी माहितीची देवाणघेवाण चालू ठेवली!) वाहनाने मनुष्यवध, नशेत वाहन चालवणे, वाहन वापरून केलेला गंभीर गुन्हा आणि माणूस जखमी झाला वा दगावला असता न थांबता निघून जाणे, हे चार गुन्हे परराज्यात घडले तरी आपल्याच हद्दीत घडले असे मानण्याचे बंधन करारात आहे. बाकी बाबतींत मुभा आहे. न्यूयॉर्क कराराचा सभासद असूनही परराज्यातल्या वेगमर्यादेच्या दंडासाठी आपल्या चालकाच्या नोंदीत पॉइंट (दोषगुण) लावत नाही, पण कॅनडातील ऑन्टॅरिओ आणि क्वेबेक प्रांतांतल्या दंडासाठी लावते. नवा परवाना मागणाऱ्यासाठी दार अधिक घट्ट आहे. १९६० पासूनच्या ‘नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर’मध्ये परवाना गमावलेल्यांची नावे पाहिली जातात. १९८२ च्या कायद्यानंतर या नोंदवहीत गुन्ह्याचा तपशील राहिला नाही. कोणत्या राज्याकडे चौकशी करावी, एवढेच ती दाखवते.

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होते, हा या व्यवस्थेवरचा पहिला आक्षेप. न्यायालयांनी तो सहसा मानलेला नाही, कारण परवाना काढून घेणे हा फौजदारी दंड नसून इतरांच्या सुरक्षेसाठीचा प्रशासकीय उपाय मानला जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन राज्यांत गुन्ह्याची व्याख्याच एक नसेल तर? न्यूयॉर्कमध्ये मद्यामुळे क्षमता थोडीही उणावली तरी गुन्हा होतो, पेनसिल्वेनियाचा तेव्हाचा कायदा सुरक्षितपणे गाडी चालवता येणार नाही इतकी नशा मागत होता. हे दोन गुन्हे पुरेसे सारखे नाहीत, असे पेनसिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवले. विधिमंडळाने मात्र १९९८ च्या अखेरीसच, नशेच्या प्रमाणातला फरक विचारात घ्यायचा नाही, अशी दुरुस्ती करून ठेवली होती.

१९७७ च्या ‘नॉन-रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट’चे समर्थन करणे अवघड आहे. त्यानुसार परराज्यातल्या वाहतूक दंडाची दखल न घेणाऱ्याचा परवाना त्याचे राज्य निलंबित करते. हेतू चांगला होता: परगावच्या चालकाला जागच्या जागी जामीन भरायला लावू नये. परंतु नशेत गाडी चालवणारा माणूस रस्त्यावर धोका असतो, तसा पैसे न भरलेला माणूस असतोच असे नाही. परवान्यावर पोट अवलंबून असू शकते, म्हणून तो सुनावणीशिवाय काढता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ‘बेल विरुद्ध बर्सन’ खटल्यात म्हटले होते. कॅलिफोर्निया या दुसऱ्या करारात नाही, आणि न भरलेल्या दंडासाठी निलंबन करणे त्या राज्याने २०१७ मध्ये बंदही केले.

मग देशभर एकच परवाना का नको, असे विचारले जाते. व्यावसायिक चालकांसाठी ते बरेचसे घडलेले आहे: १९८६ च्या कायद्याने त्यांना एकच परवाना आणि सर्व राज्यांना जोडणारी माहितीयंत्रणा दिली. तरीही २१ जून २०१९ रोजी न्यू हॅम्पशायरमधील रँडॉल्फ येथे ट्रेलर ओढणाऱ्या पिकअप ट्रकशी झालेल्या अपघातात सात मोटारसायकलस्वार ठार झाले. ट्रकचालकाची पुढे, २०२२ मध्ये, खटल्यातून निर्दोष सुटका झाली. पण त्याच्याकडे परवाना असायलाच नको होता, हे आधीच उघड झाले होते. अपघाताच्या महिनाभर आधी त्याला कनेक्टिकटमध्ये नशेत गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक झाली होती आणि त्याने चाचणी नाकारली होती. कनेक्टिकटने तसे मॅसॅच्युसेट्सला कळवले. मॅसॅच्युसेट्स करारात नसले तरी त्याचा स्वतःचा कायदाही निलंबन करायलाच सांगत होता. सूचना संगणकावर पोहोचली आणि कर्मचाऱ्याने तपासावी म्हणून पडून राहिली. चौकशीत इतर राज्यांतून आलेल्या, कोणी हात न लावलेल्या कागदी सूचनांचे डबेच्या डबे सापडले, मॅसॅच्युसेट्सच्या परवाना विभागाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला, आणि राज्याराज्यांतील असा गलथानपणा उघड करणाऱ्या ‘बोस्टन ग्लोब’च्या वृत्तमालिकेला २०२१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या चालकाचा परवाना व्यावसायिकच होता.